चूप वस्तूंचा माणूस

खोली बघायला आला तेव्हा तो आधी खोलीत शिरलाच नाही. दारात उभा राहून कडी वर-खाली करत राहिला. कडी जुनी, लोखंडी, माझ्या सासऱ्यांनी बसवलेली. लावताना ती थोडी उचलावी लागते. त्यानं उचलली, लावली, काढली, परत लावली. मग म्हणाला, “बाई, ही कडी बदलवाची नाई. खोली घेतली.”

मोरी कुठे आहे, पंखा चालतो का, काही विचारलं नाही. मला वाटलं, खुळा दिसतो पण भांडखोर दिसत नाही. ते खरं निघालं. तो कधी कुणाशी भांडला नाही. आमच्या पायलचं लग्न त्यानं मोडायच्या काठावर नेलं तेव्हासुद्धा आवाज चढवला नाही. हातात माइक होता, चढवायची गरज नव्हती. आणि माइक मीच दिला होता.

माझं घर ब्रह्मपुरीला, कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खाली मी, माझा मुलगा, सून आणि नात पायल. मुलगा वडशाच्या रस्त्यावर जीप चालवतो. वरची खोली कॉलेजच्या पोरांना द्यायचो. हा पोरगा नव्हता, चाळिशीला आलेला. मुलचेऱ्याकडचा. तिकडे नेट नीट येत नाही म्हणून इकडे आला. काम काय करतो विचारलं तर म्हणाला, वेबसाइट बनवतो, कुणाच्या नोकरीत नाही, घरबसल्या. माझी शाळा चौथीपर्यंतची. मी समजून घेतलं की हा दुकानांच्या पाट्या रंगवतो, फक्त कॉम्प्युटरच्या आत.

एकदा चहा घेऊन वर गेले तर पडदा सगळा काळा. चित्र नाही, रंग नाही, नुसती पांढरी अक्षरं मुंगळ्यांसारखी. मी म्हटलं, चौकात दुरुस्तीवाला आहे, बोलावते.

“बिघडला नाई बाई,” तो म्हणाला. “साफ केला.”

त्या काळ्या पडद्यावरच तो सगळं लिहायचा. कॉलेजात असताना जे लिहायचं साधन हाती लागलं, तेच अजून. त्याच्या धंद्यातली तरणी माणसं कधी भेटायला येत, याहून चांगलं आलंय, नवं आलंय, आपोआप लिहून देतं, असं सांगत. तो त्यांचं सगळं ऐकून घ्यायचा, जसं आपण दारावरच्या चादरीवाल्याचं ऐकतो. मग म्हणायचा, “शिकवते का?” त्यांना कळायचं नाही.

मला कळायचं, कारण मला रोज ऐकावं लागायचं. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यानं तीन वर्ग केले होते. पहिला वर्ग चूप. पाणी भरलं की पाणी देते, दुसरं काही म्हणत नाही, ती बादली चूप. माझा पाटा चूप. त्याचं लिहायचं साधन चूप. दुसरा वर्ग बोलक्या वस्तूंचा. कुकर बोलका, पण खोटं बोलत नाही म्हणून त्याला माफी. तिसरा वर्ग शिकवणाऱ्या वस्तूंचा. त्यात फोन, बँकेचं मशीन आणि ज्याच्या खोक्यात वापरायचं पुस्तक निघतं ते सगळं. “बाई, जे वस्तू आपल्याले सांगते का मले असं वापर,” तो म्हणायचा, “थे वस्तू अजून कच्ची आहे. कारखान्यात परत पाठवा.”

आणि सगळ्यात वाईट म्हणजे अपडेट. अपडेट येणार असं कॉम्प्युटरनं सांगितलं की तो नेटची वायर काढून अंगणात येऊन बसायचा. रात्रीतून कुणी येऊन घरातली खाट हलवून जावी आणि वर म्हणावं की तुमच्या भल्यासाठी हलवली, तसं ते असतं, असं त्याचं म्हणणं.

मग साबणाचं झालं. तो वापरायचा त्या साबणाच्या वडीचा आकार कंपनीनं बदलला. मधे खळगा पाडला. मला फरक वाटला नाही, अंगाला लागला की सारखाच. त्यानं मात्र तीन दिवस अंघोळ केली नाही. नंतर एसटी धरून सिंदेवाहीला गेला, मग मूलला, मग थेट मुलचेऱ्यापर्यंत, जिथं जिथं खेड्यातल्या दुकानात जुना माल पडून असेल तिथं तिथं. दोन पोती साबण घेऊन आला. एवढा साबण घेऊन फिरला तो माणूस, आणि त्याच्या अंगाचा वास जिन्याच्या खालपर्यंत येत होता. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, हो, आता करतो.

एका धान गिरणीच्या मालकाची वेबसाइट त्यानं केली. मालकाला स्वतःचा फोटो पाहिजे होता, मागे धानाचं शेत, वरून फुलं पडताहेत. यानं केली ती एका ओळीची. गिरणीचं नाव, फोन, आणि खाली लिहिलेलं की गिरणी चालू आहे. बंद असली की बंद आहे असं दिसायचं. बस. मालक तावातावानं जिना चढून वर आला. त्याचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. फुलं कुठी आहेत, मी कुठी आहो, असं विचारत होता.

“तुमी इथी आहा,” हा म्हणाला, आणि कॉम्प्युटरवर गिरणी बंद आहे असं करून टाकलं.

खरंच मालक नसला की गिरणी बंद असायची, किल्ली त्याच्याकडेच. मालक पुन्हा पुन्हा भांडायला यायचा आणि प्रत्येक वेळी गिरणी बंद दिसायची. शेवटी लोक त्याला विचारायला लागले की रोज दुपारी कुठं जाता. तेव्हा त्यानं येणं सोडलं. वेबसाइट तशीच राहिली.

त्याची स्वतःचीही एक वेबसाइट होती. त्यात तो वापरलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल मत लिहायचा. कॉम्प्युटरची साधनं, चप्पल, दात घासायचा ब्रश, स्क्रू पिळायचा पेचकस, दोरी. दुरून दुरून लोक ते वाचतात म्हणे. लोकांना कामं नाहीत. एकदा पायलनं तिच्या फोनवर उघडून मला वाचून दाखवलं. आमचं घरच त्यात होतं. खाट चूप. कडी उत्तम. चहाबद्दल लिहिलं होतं की साखर जास्त असते, पण रोज तेवढीच जास्त असते, म्हणून भरवशाचा. पुढे वाचता वाचता पायल थांबली आणि फोन बंद करायला लागली.

“वाच,” मी म्हटलं.

“काई नाई आजी, असंच आहे.”

“वाच म्हनलं.”

“घरमालकीण,” पायलनं वाचलं. “शिकवते.”

मी म्हटलं, बरोबर आहे. मी शिकवते. कुणीतरी शिकवायला पाहिजे.

आता पायलच्या लग्नाचं. त्याच्याआधी तिची एक सोयरीक तुटली होती, ते सांगायला हवं. साखरपुड्याला पायलच्या मामाला, म्हणजे माझ्या सुनेच्या भावाला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं गेलं आणि मुलाकडच्या जावयाला सोफ्यावर. मामाचं सिंदेवाहीला खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्याहून मोठा त्याचा मान आहे. मामा उठला, त्याच्या मागे त्याची माणसं उठली, कोण कुणाला काय बोललं ते मी लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत सगळं मोडलं. पायल रडली नाही. साखरपुड्याची साडी घडी करून तिनं लोखंडी पेटीत ठेवली आणि पेटीला कुलूप लावलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढे नागभीडचा मुलगा आला. दवाखान्यात औषधं देण्याच्या कामावर, बोलायला कमी. त्या दिवशी पायलनं स्वतः पेटीचं कुलूप काढलं. मी त्याच वेळी ठरवलं की या खेपेला मामाला सोफा, मामाला पंखा, मामाला पहिलं पान. आमच्याकडे नवरीला मांडवात मामाच घेऊन येतो. मामा नाही तर नवरी जागची उठत नाही. म्हणजे लग्न मामाच्या हातात, आणि राग मामाच्या नाकावर.

लग्न मे महिन्यातलं. आमच्याकडचा मे ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, न पाहिलेल्यानं पाहू नये. वरात बसस्टँडपाशी अडकली होती, पोरं डीजेपुढे नाचत होती. तोवर आंदण वाचून घ्यावं असं ठरलं. आंदण म्हणजे नातेवाइकांनी नवरीला दिलेली भांडीकुंडी. देणाऱ्याचं नाव, गाव आणि वस्तू माइकवर वाचतात, सगळा मांडव ऐकतो. देणाऱ्याला त्यातच समाधान असतं. आमच्या वॉर्डात हे वाचणारा माणूस ठरलेला आहे, पण त्या दिवशी तो दुसऱ्या लग्नात गुंतला. वरच्या खोलीतला माणूस पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात उभा होता. आवाज स्वच्छ, वाचायला येतं. मी त्याच्या हातात माइक दिला.

“नाव, गाव, वस्तू,” मी बजावलं. “वर एक शब्द बोलाचा नाई.”

“वस्तू खराब असली तं?”

“तुले कोन विचारून राह्यलं?”

“कोनी विचारलं तं?”

“कोनी विचारत नाई.”

पहिला आला पाणी भरायचा पितळी गुंड, माझ्या चुलत जावेचा. यानं नाव वाचलं, गाव वाचलं, गुंड म्हटलं. मग सवयीनं गुंडाच्या काठावरून बोट फिरवलं. माइक तोंडापाशीच होता.

“काठ हाताले लागत नाई,” तो म्हणाला, म्हणजे कुठं बोचत नाही.

सगळ्या मांडवानं ऐकलं. माझ्या जावेनं पदर सारखा केला आणि इकडेतिकडे पाहिलं. तिच्या आयुष्यात तिचं एवढं कौतुक कुणी केलं नसेल. तिथंच सगळं बिघडलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला. “भाऊ, आमच्या कुकरचं पन सांगा जी.”

यानं माझ्याकडे पाहिलं. कोणी विचारलं तर काय, हे मी सांगितलंच नव्हतं.

कुकरची शिटी खरी निघाली, दांडा ढिला. म्हातारा खूश झाला, कारण दांडा सगळ्याच कुकरचा ढिला असतो असंही यानं सांगितलं. आता मत ऐकल्याशिवाय कुणी वस्तू खाली ठेवेना. एका स्टीलच्या डब्याबद्दल त्यानं सांगितलं की झाकण लागते, निघत नाही. देणाऱ्या बाईनं तिथंच ओढून पाहिलं, निघेना. शेजारणीनं पाहिलं. डबा हातोहात मांडवभर फिरला आणि पुरुषांच्या बाजूला गेला. एकानं धबधब्याचं चित्र असलेलं घड्याळ आणलं होतं, ते त्यानं हळूच खुर्चीखाली सरकवलं. मुलगा माझ्या कानाशी आला, माय, माइक घे त्याच्याजवळून. मी उठलेच होते. तेवढ्यात मामाचा टेंपो आला.

टेंपोतून चौघांनी कूलर उतरवला. माणसाएवढा, वर लाल फीत. मामानं माइक घेऊन स्वतःच सांगितलं की हा मोबाइलवर चालणारा कूलर आहे, सिंदेवाहीत बसून ब्रह्मपुरीत सुरू करता येतो. तसं कुणाला कशाला करायचंय हे कुणी विचारलं नाही. मग माइक आणि आपला फोन दोन्ही मामानं याच्या हातात दिलं. कॉम्प्युटरवाले भाऊ सगळ्यांसमोर सुरू करून दाखवतील, म्हणाला.

मी याचा कोपर धरला. “चांगला आहे म्हन आन खाली बस.”

“बाई, अजून सुरूच नाई झाला.”

कूलरमध्ये पाणी भरलं, वायर लावली. दिवा लागला, पण पातं फिरेना. यानं फोनमध्ये पाहिलं आणि जे दिसेल ते माइकवर वाचायला लागला. त्याला वाटलं, सगळ्यांसमोर दाखवायचं म्हणजे सगळ्यांना कळलं पाहिजे.

“कूलर विचारते, तुमचं नाव काय?”

मामानं नाव सांगितलं.

“कूलर विचारते, जन्म कधीचा?”

मामानं साल सांगितलं. बायकांच्या बाजूनं मामी म्हणाली, “कूलरले तरी खरं सांगा.”

“कूलर विचारते, तुमी कुठी आहा?”

“मांडवात,” पोरं ओरडली.

“कूलर म्हनते, तुमच्या फोनमधल्या साऱ्या लोकाईचे नंबर मले पाह्यू द्या.”

“काऊन?” मामा म्हणाला.

“थे नाई सांगत तो.”

कुकरवाला म्हातारा पुन्हा उठला. “हवा द्याले नंबर काऊन पाह्यजे जी?”

त्यानं पुढचं वाचलं. पासवर्ड पाहिजे, त्यात इंग्रजी मोठं अक्षर पाहिजे, आकडा पाहिजे, आणि एक असं चिन्ह पाहिजे जे तुमच्या लक्षात राहणार नाही. मामाच्या मानेवरून घाम वाहत होता. कसाबसा पासवर्ड झाला. मग याचा चेहरा एकदम उतरला. मयताची बातमी सांगावी तसा तो हळू बोलला.

“कूलर म्हनते, थांबा. मी नवा होऊन राह्यलो.”

लाल दिवा लुकलुकायला लागला. मांडव थांबला. डीजे जवळ येत होता. मागून कुणीतरी म्हणालं, मामाचा कूलर परीक्षेले बसला वाटते. सगळे हसले. हसायला नको होतं.

“माही वस्तू हसाले आनली का?” मामा म्हणाला. तो तरातरा गेला, टेंपोत बसला आणि काच वर करून घेतली. भर उन्हात, बंद टेंपोत. रुसायचं तर नीट रुसायचं, असा तो माणूस आहे.

वरात दारात आली. मी आत गेले. पायल तयार होऊन हार हातात धरून उभी होती. तिनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. हातातला हार तिनं त्या लोखंडी पेटीवर ठेवला.

मी बाहेर आले. हा कूलरपाशीच उभा होता, फोनकडे बघत.

“मामाले जाऊन सांग, कूलर चांगला आहे,” मी म्हटलं.

“खोटं नाई बोलत मी.”

“मंग खरं कर.”

असं त्याला आधी कुणी सांगितलं नसावं. मग डेकोरेशनवाल्याकडून त्यानं पेचकस मागून घेतला, कूलरची पाठ उघडली आणि आतून एक हिरवी पाटी काढली, तारा लोंबकळत होत्या. “हे डोकं,” म्हणाला. “धरा.” इकडे वराकडच्या बायका मला भेटायला पुढे येत होत्या आणि माझ्या पदरात कूलरचं डोकं. मी तसाच जयभीम केला.

त्यानं वायरला वायर जोडली. कूलर सुरू झाला. सुरू झाला म्हणजे काय, धान मळायचं मशीन सुरू व्हावं तसा. कमी-जास्त करायचं सगळं माझ्या पदरात होतं. पत्रावळी उडाल्या, आंदणाच्या चिठ्ठ्या उडाल्या, नवरदेवाचा फेटा उडाला. पाण्याचे शिंतोडे पाचव्या रांगेपर्यंत गेले. उन्हात भाजून आलेली वरात कूलरपुढे येऊन उभी राहिली ती हलेना.

हा माइकवर ओरडून बोलत होता, नाहीतर ऐकूच येत नव्हतं.

“मामाचा कूलर सुरू झाला. मोटर चांगली आहे. पातं चांगलं आहे. पानी साऱ्याईले पोचते. आता चूप आहे.”

टेंपोचं दार उघडलं. मामाचा रुसवा गेला की आत उकडलं, ते मी विचारलं नाही. ओलाचिंब, लाल झालेला मामा आला, कूलरपुढे एकदा उभा राहिला, मग आत गेला आणि पायलला हाताला धरून घेऊन आला. हार तिच्या हातात होता.

कूलर बंद करता येत नव्हता. त्याची वायर आणि माइकची वायर एकाच बोर्डावर अडकलेली, एक काढली की दुसरी जायची. वंदना सगळ्यांनी ओरडून म्हटली. पायलनं नवरदेवाच्या गळ्यात हार टाकला तो वाऱ्यानं वळला आणि मागे उभ्या असलेल्या मामाच्या गळ्यात जाऊन पडला. मामाला वाटलं आपला मान केला. त्याचे डोळे भरून आले. मी तो हार त्याच्या गळ्यातून काढून पायलला परत दिला, नाहीतर तो घरी घेऊन गेला असता.

आजही कुणाच्या लग्नात गेला की मामा त्या कूलरची गोष्ट सांगतो, प्रश्नांचा भाग वगळून.

लग्नासाठी सुतार आलाच होता, तर मी वरच्या खोलीची कडी बदलून घेतली. नवी, पितळी, उचलावी न लागणारी. त्याचे उपकार फेडायचे असं काही मनात नव्हतं. पण तो वाईट माणूस नाही असं मला तोवर वाटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बाहेरून आला, दारापाशी थांबला आणि खाली माझ्याकडे पाहिलं.

“बाई,” म्हणाला, “तुमी पन.”

महिना संपल्यावर तो गेला. कुठं ते सांगितलं असेल, माझ्या लक्षात नाही. काळा कॉम्प्युटर आणि साबणाची पोती जीपच्या टपावर टाकली. साबणाची एक वडी मोरीत राहिली होती, ती मी वापरली. साबणासारखाच साबण होता. कडी मी परत बदलली नाही. नवी चांगली आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच, लेकी माहेरी येतात. पायल आली. सासरी काही भांडी जास्त झाली म्हणून तो पितळी गुंड माझ्यासाठी घेऊन आली होती. मी तिला कूलरचं विचारलं. म्हणाली, चालते, पण सुरू केला की घरातले कागद उडून जातात, म्हणून सासरा पेपर बाहेर बसून वाचतो.

“आन नवरा?” मी विचारलं.

ती गुंड पुसत होती. काठावरून बोट फिरवत राहिली, एकदा, दोनदा.

“काठ हाताले लागत नाई, आजी.”

मी चहा ठेवला. साखर रोजच्याइतकीच जास्त टाकली.